सांडूच्या पाव्याची डावी नळी

"दम धरा, अजून समदी बसली न्हाईत."

हे वाक्य सांडूच्या तोंडी कायम. एसटी फाट्यावर येऊन उभी आहे, कंडक्टर दारात लटकून हाका मारतोय, आणि सांडू म्हणणार, "दम धरा, अजून समदी बसली न्हाईत." लग्नाच्या पंगतीत वाढपी बुंदीची परात घेऊन समोर आलेला असतो, भूक लागलेली असते, तरी सांडू मान वर करून या टोकापासून त्या टोकापर्यंत पंगत न्याहाळणार आणि तेच म्हणणार. गोपिकाबाई, म्हणजे त्याची बायको, सांगते की स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू होताना मुंडावळ्यांच्या आडून नवरदेव हेच बोलला होता. ती हसत हसत सांगते, त्यामुळं त्यातलं खरं किती आणि तिखटमीठ किती, ते तिलाच ठाऊक.

वाक्य मुळात मेंढरांचं आहे. माणसांसाठी ते कसं लागू झालं, ती ही गोष्ट.

शहागडचा पूल मागं टाकून गोदावरीच्या काठाकाठानं वर निघालं की आमचं गाव लागतं. वारा तिकडून असला तर हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येतो, इकडून असला तर नदीचा. सांडूचं घराणं मेंढपाळांचं. त्याचे भाऊबंद आता शेती करतात, कोणी ट्रकवर आहे, कोणी शहागडला गॅरेजात. कळप राखून असलेला तो एकटाच. एके काळी शंभरावर मेंढरं होती, आता चाळीस असतील. पण रबीची ज्वारी निघाली, हरभरा खळ्यावर आला, की अजूनही शेतकरी त्याच्या दाराशी येऊन बसतात. "सांडू, यंदा आमच्या वावरात आधी."

आमच्याकडं याला मेंढ्या बसवणं म्हणतात. दिवसभर चरलेला कळप संध्याकाळी मोकळ्या वावरात आणून बसवायचा. त्यांच्या लेंड्या जमिनीत जिरतात आणि पुढच्या साली त्या तुकड्यातलं पीक रस्त्यावरून ओळखू येतं, इतकं काळंभोर उगवतं. बोलायला सोपं आहे. मेंढरू मात्र हुकमानं बसत नाही. एक बसलं की दुसरं उठतं. लांब कुत्रं भुंकलं की सगळी उभी. कोणी काठी आपटतो, कोणी शिव्या घालतो.

सांडू पावा वाजवतो.

त्याचा पावा दोन नळ्यांचा आहे, शेजारी शेजारी सुतानं बांधलेल्या. बापानं केलेला. उजव्या नळीला सहा भोकं आहेत, डावीला एकही नाही. उजवी बोलते, डावी नुसती असते. एकच सूर. चढत नाही, उतरत नाही, तुटतही नाही. तुटत नाही, कारण सांडू श्वास घ्यायला थांबत नाही. गालात वारा साठवायचा, तो ओठांनी सोडत राहायचा आणि त्याच वेळी नाकानं नवा घ्यायचा. लहानपणी बापानं त्याला एरंडाच्या पानाचा पोकळ देठ दिला होता आणि पाण्यानं भरलेला तांब्या. देठातून पाण्यात फुंकायचं. बुडबुडे थांबले तर त्या दिवशी भाकरीबरोबर कोरड्यास नाही. सांडू सांगतो की पहिला महिना त्यानं कोरडी भाकरीच खाल्ली.

कळप वावरात आला की सांडू बांधावर बसतो आणि बघत राहतो. शेतकऱ्याला वाटतं, आता वाजवेल, मग वाजवेल. सांडू म्हणतो, "दम धरा." निम्मी मेंढरं खाली बसली की मग डावी नळी सुरू होते. सूर असा येतो की कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. वर उजव्या नळीचे दोनचार बोल, अगदी सावकाश, एक विसरल्यावर दुसरा. शेवटचं मेंढरू बसून रवंथ करू लागलं की उजवा हात थांबतो. मग सांडू उठतो, वाजवत वाजवत कळपाला वळसा घालतो आणि तसाच लांब चालत जातो. सूर बारीक होतो, आणखी बारीक होतो. तो थांबला कधी, हे मेंढरांना कळता कामा नये. कळलं तर एक उठतं, आणि एक उठलं की सगळी उठतात.

हे ऐकायला कोणी जात नसे. ते ऐकायचं नव्हतंच. आम्ही कडबा रचत असू, बायका चूल पेटवत असत, पोरं बाजेवर लोळत असत, आणि तो सूर वावरात असे. हवा असते तसा. आपापलं काम चालू राही, फक्त हात थोडे शांत चालत.

आता तो दिवस सांगतो, जो सांगायला मला अजून जड जातो.

सत्त्याण्णव सालचा गणपती. गावच्या मंडळानं ठरवलं की यंदा गावातले कलाकार स्टेजवर आणायचे. माईकवर बोलायचं काम माझ्याकडं होतं आणि लाऊडस्पीकर देवानंदचा. देवानंद आमच्या पंचक्रोशीतला एकमेव लाऊडस्पीकरवाला. त्याच्या कर्ण्याशिवाय इथं बारसं होत नाही. सांडूचं नाव मीच सुचवलं. सांडू इतका खुश झाला, की शहागडच्या बाजारातून लाल पटका घेऊन आला. तोवर त्याच्या डोक्याला मुंडाशाशिवाय काही माहीत नव्हतं.

स्टेजवर तो मांडी घालून बसला, पटका बांधून, पावा मांडीवर. समोर सगळं गाव. कोणी भेळ खातंय, कोणी पोराला शोधतंय, कोणी उभं, कोणी बसलेलं. सांडू बघत राहिला. दोन मिनिटं गेली, चार गेली.

मी माईकवर म्हणालो, "सांडू, कर चालू."

"दम धरा, बापू. अजून समदी बसली न्हाईत."

माईक तोंडापाशीच होता. वाक्य कर्ण्यातून नदीपार गेलं. गाव असं हसलं, की विचारू नका. मागून कोणीतरी बें बें केलं. सांडूला वाटलं, आता सुरू करावंच. त्यानं डोळे मिटले आणि डावी नळी लावली.

इकडं देवानंद ताडकन उठला. "हम येऊन राह्यला!" त्याच्या कानाला तो सूर म्हणजे मशीनचा बिघाड वाटला. कर्ण्यात बारीक घूं, त्याच्या भाषेत हम, सुरू झालं की वायर ढिली असते किंवा अर्थिंग खराब असतं, हे त्याचं शास्त्र. त्यानं वायरी हलवल्या. घूं गेलं नाही. जमिनीत ठोकलेल्या सळईवर बादलीभर पाणी ओतलं. घूं गेलं नाही. दुसरा ॲम्प्लिफायर लावला, तरी घूं तसंच. आठदहा मिनिटं तो स्टेजच्या खाली-वर पळत होता आणि सांडू डोळे मिटून एकच सूर धरून बसला होता. शेवटी देवानंदनं सांडूसमोरचा माईकच उचलला. कर्णा गप्प झाला.

"सापडला!" देवानंद ओरडला. "माईक खराब हाये!"

गाव पोट धरून हसत होतं. पोरींचा नाच पुढं खोळंबला होता. मी सांडूचा हात धरला आणि त्याला स्टेजवरून खाली उतरवलं. त्यानं एकदाच विचारलं, "बापू, काहून?" मी म्हणालो, "जल्दी हाये सांडू, पुढचा कार्यक्रम हाये."

त्या दिवसानंतर तो पटका पेटीत गेला. सांडू मेंढरांपुढं वाजवत राहिला, माणसांपुढं कधीच नाही. बोलावलं तर हसून म्हणायचा, "माणसं बसत न्हाईत बापू. मेंढरं बसतात."

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. बद्रीनाथ पाटलांची नात अर्पिता पुण्यात आवाजाचं शिक्षण घेते. आधी आम्हाला वाटलं, गाणं शिकते. नाही, आवाज कसा धरायचा, कसा साठवायचा, कॉम्प्युटरवर कसा जोडायचा, ते शिकते. यंदा चैत्रात ती गावी आली ती थेट सांडूच्या बांधावर. गळ्यात हेडफोन, हातात लॅपटॉप. मी तिथंच होतो. बद्रीनाथ पाटलांच्या वावरात त्या दिवशी मेंढ्या बसायच्या होत्या, आणि अजून ऊन उतरायचं होतं.

"सांडूआबा, एक ऐकवू का?"

"ऐकव की माय."

तिनं त्याच्या मुंडाशावरूनच हेडफोन चढवला. मला दुसरा दिला. आत काय होतं, कसं सांगू? पेटीचा असावा असा एक सूर, पण पेटीचा नाही. तो येतो, पसरतो, जातो, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. बोल नाहीत, ठेका नाही. सांडू पाच मिनिटं हलला नाही.

मग म्हणाला, "ह्येच्यात मेंढरं कुठं हायेत?"

अर्पिता हसली. "मेंढरं नाहीत आबा. हे पन्नास वर्षांपूर्वीचं आहे, लांब परदेशातलं. तिथल्या काही लोकांना वाटलं की असं संगीत करावं, जे लक्ष देऊन ऐकायचं नाही. नुसतं खोलीत असू द्यायचं. माणसं आपापलं काम करत असतात, त्यांच्यासाठी. ॲम्बियंट म्हणतात त्याला."

"माणसं बसतात का ह्येच्यानं?"

"बसतात."

"मंग बराबर हाये." त्यानं पुन्हा कान दिला. "ह्यो मानूस दम कवा घेतो?"

"मशीन आहे आबा, माणूस नाही."

"तरीच. गाल दुखत न्हाईत त्येचे."

मग अर्पितानं सांगितलं ते मी जसं समजलं तसं लिहितो. त्या जुन्या रेकॉर्डी निघाल्या तेव्हा लोक म्हणाले, यात काही होतच नाही. काहींना वाटलं रेकॉर्डच बिघडली आहे. पण ज्या पोरांनी त्या ऐकल्या, ती मोठी होऊन स्वतः वाजवायला लागली, आणि त्यांच्या वाजवण्यात तो संथपणा उतरला. आज सिनेमातल्या मागच्या सुरांत तो आहे, झोप येण्यासाठी मोबाईलवर लावतात त्यात आहे, नाचाच्या गाण्यांतही मध्येच सगळं थांबतं आणि एक सूर उरतो, तिथं आहे. थांबायचं कसं, हे पुढच्यांनी त्या लोकांकडून घेतलं. कॉलेजात बाईंनी प्रत्येकाला विचारलं, तुझ्या संगीतात हे कुठून आलं? सगळ्या पोरांनी परदेशी नावं सांगितली. अर्पिता म्हणाली, "आमच्या वावरातून."

"मी बाजेवर झोपायचे ना आबा, तुम्ही मेंढ्या बसवायचे तेव्हा. मी जे काही करते, त्याच्याखाली तोच सूर येतो. मी टाकत नाही, तो येतो."

सांडूनं विचारलं, "माह्या पाव्याचा?"

"तुमच्या पाव्याचा. आणि मी एकटी नाही."

मग तिनं एक खेळ मांडला. मारुतीच्या पारावर भागवतबुवांना बोलावलं. भागवतबुवा आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले. रामनवमीला मंडळ घेऊन जांब समर्थला जातात तेव्हा लोक त्यांच्या अभंगासाठी थांबून राहतात. अभंगाआधी ते पेटीची एकच पट्टी दाबून इतका वेळ बसतात, की नवख्या माणसाला वाटावं, बुवा पुढचं विसरले. दुसरा रामेश्वर, सांडूचा पुतण्या, शहागडच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. नवरी निघाली की हा सगळा ठेका बंद करतो, लग्नपत्रिकेच्या कागदाची घडी करून एका पट्टीच्या फटीत खोचतो, आणि तो सूर तसाच चालू ठेवून वर दोन बोटांनी सावकाश वाजवतो. त्या वेळी आया, आत्या, मावश्या रडतात, आणि हायवेवरचे ट्रकवालेसुद्धा हॉर्न वाजवत नाहीत.

अर्पितानं विचारलं, "बुवा, ही सूर धरून बसायची रीत कुणाकडून घेतली?"

"माझ्या गुरूंकडून," भागवतबुवा म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडून घेणार?"

"तुझी रे, रामेश्वरदादा?"

"माही माहीच हाये. न्हाई तर मोबाईलवर पाह्यली असंन."

"बरं. दोघं आपापला सूर लावा."

बुवांनी पेटी उघडली आणि काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी, दाबली. रामेश्वरनं कागद खोचला. काळी दोन. अर्पितानं लॅपटॉप लावला. तिचाही सूर काळी दोनच. तिघं एकमेकांकडं बघू लागले.

"बुवा, तुमचा गळा तर काळी दोनला ओढला जातो," अर्पिता म्हणाली. "खालची पांढरी दोन घेतली तर सोपं जाईल, असं माझे आजोबा नेहमी म्हणतात."

"जातो ओढला," बुवा म्हणाले. "पण दुसऱ्या पट्टीत मन बसत नाही. काय माहीत का."

अर्पितानं सांडूकडं नुसतं पाहिलं. सांडूनं कमरेचा पावा काढला आणि डावी नळी फुंकली.

काळी दोन.

रामेश्वर हसायला लागला, इतका, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "काका, तुमी तर आमच्या समद्यांच्या पोटात बसल्ता की हो!" भागवतबुवा उठले आणि वयानं, मानानं मोठे असूनही सांडूपुढं वाकले. सांडू घाबरून मागं सरकला. "बुवा, हे काय करून राह्यले! मेंढराचं वाजवणं हाये ते."

बापानं कापलेल्या एका नळीचा सूर. त्याला भोकं नव्हती, म्हणून तो बदलला नाही. तो वावरात होता, आधी बापाच्या हाती, मग सांडूच्या, म्हणून पोरांच्या कानात गेला.

अर्पितानं तेव्हाच मनातलं सांगितलं. जालन्यात, मस्तगडातल्या एका हॉलमध्ये ती आणि तिचे मित्र असल्या संथ संगीताचा कार्यक्रम करणार होते. दुपारी चार वाजता, खुर्च्या काढून, गाद्या घालून. पहिल्यांदा सांडूआबांनी वाजवायचं.

सांडूचं हसू गेलं. "न्हाई पोरी. बिलकुल न्हाई. माणसं बसत न्हाईत."

आठ दिवस तो न्हाईच म्हणत राहिला. गोपिकाबाईनं त्याला धारेवर धरलं. "चाळीस मेंढरांपुढं ताठ बसता अन् माणसांपुढं शेपूट घालता. रातच्याला पेटी उघडून पटका कोण चाचपतं? मी झोपते व्हय?" तिनं मला सांगितलं की दर गणपतीला तो पटका बाहेर काढतो, झटकतो, घडी करून पुन्हा ठेवतो. "एकदा, बापू. एकदाच त्येला माणसांत बसून वाजवायचंय, अन् कोणी खाली उतरवायचं न्हाई. बस. दुसरं काही मागत न्हाई तो." तिनं मला मुद्दाम सांगितलं, हे मला कळलं. हात धरणारा मीच होतो.

मी गेलो. खूप बोललो. सांडू ऐकून म्हणाला, "दम धरा, बापू," आणि मेंढरं घेऊन निघून गेला.

शेवटी देवानंद गेला. देवानंद आता साठीचा. कर्णे जाऊन त्याच्याकडं मोठमोठे स्पीकर आले, पण त्या गणपतीचा विषय निघाला की तो सत्तावीस वर्षं एकच म्हणत आला होता: अर्थिंग खराब होतं, माझा दोष नाही. तो सांडूच्या अंगणात जाऊन उकिडवा बसला. पाणी प्याला. जमिनीकडं बघत म्हणाला,

"सांडूदादा, त्या दिवशी अर्थिंग चांगलं व्हतं."

सांडूनं मान वर केली.

"वायरी चांगल्या व्हत्या. माईक चांगला व्हता. समदं बराबर व्हतं. माहे कान कच्चे व्हते. मस्तगडला मशीनवर मी बसतो. येता का?"

सांडूनं आत हाक मारली, "गोपे, पटका काढ."

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही गावातून जीपनं निघालो. माईकवर बोलायचं काम अर्पितानं पुन्हा माझ्याकडंच दिलं होतं. हॉल भरला. कॉलेजची पोरं, बाजूच्या गल्लीतले दुकानदार, तान्ही लेकरं घेऊन आलेल्या बायका. दीडशे तरी माणसं. मी नाव पुकारलं. सांडू लाल पटका बांधून स्टेजवर जाऊन बसला, पावा मांडीवर. आणि बघत राहिला.

कोणी गादी ओढत होतं. कोणी मोबाईलवर बोलत होतं, "हां, मस्तगडातच हाये, येऊन राह्यलो." पाण्याच्या जारपाशी गर्दी. दोन मिनिटं झाली, पाच झाली. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "काका, सुरू करा की!"

सांडू माईकपाशी वाकला. "दम धरा. अजून समदी बसली न्हाईत."

लोक हसले. पण हे हसणं निराळं होतं. हसता हसता पाण्यापाशी उभे असलेले एकमेकांकडं बघून खाली बसले. फोनवाल्यानं फोन खिशात टाकला. बायकांनी लेकरं मांडीवर घेतली. हसणं संपलं तेव्हा निम्म्याहून जास्त हॉल बसला होता.

सूर कधी सुरू झाला, ते मी सांगू शकत नाही.

मला कळलं ते हॉलच्या मशीनवाल्यामुळं. तो देवानंदच्या शेजारी बसला होता, तो एकदम पुढं झुकला. "दादा, लाईनीत हम येतोय," म्हणत त्यानं बटणाकडं हात नेला. देवानंदनं त्याचं मनगट पकडलं.

"हात काढ. बिघाड न्हाई तो. आमचा सांडू हाये तो."

आणि त्यानं आवाज हळूच एक चिमूट वाढवला.

डावी नळी हॉलभर पसरली. उजव्या नळीचे बोल आले, एक, मग बऱ्याच वेळानं दुसरा. समोर बसलेल्या भागवतबुवांचे ओठ मिटलेले होते, पण त्यांच्या छातीतून तोच सूर येत होता. रामेश्वरनं स्टेजच्या कडेला ठेवलेल्या कीबोर्डमध्ये कागद खोचला, इतक्या हळू, की जणू झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालतोय. अर्पिता लॅपटॉपपुढं बसली होती. तिनं काही वाजवलं की नाही, मला माहीत नाही. तिचे डोळे मिटलेले होते. एक दुकानदार भिंतीला टेकला. तान्ही लेकरं झोपली. पोरं गाद्यांवर आडवी झाली. बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते आणि तेही त्या सुरात कुठंतरी बसून जात होते.

सांडू एकेकाकडं बघत होता. एक पोरगी अजून पर्समध्ये काही शोधत होती. तो तिच्यासाठी थांबला. तिनं पर्स बाजूला ठेवली, मान खाली टाकली. सांडूचा उजवा हात थांबला. एकच सूर उरला.

मग तो उठला.

मला वाटलं संपलं. आभार मानायचे होते, टाळ्या मागायच्या होत्या. मी माईक घेऊन अर्धा उभा राहिलो, तर मागून गोपिकाबाईनं माझा सदरा ओढला.

"बापू, बसा खाली," ती कुजबुजली. "उठवताल समद्यांना."

मी बसलो.

सांडू वाजवत वाजवत स्टेजच्या पायऱ्या उतरला, आपला आपण. भिंतीच्या कडेनं त्यानं सगळ्या गाद्यांना वळसा घातला. एकाचं पसरलेलं पाऊल वाटेत होतं, ते त्यानं वरून ओलांडलं. सूर बारीक झाला. देवानंदच्या मशीनवर आवाजाचे हिरवे दिवे असतात. त्यातला वरचा विझला, मग त्याखालचा, मग त्याखालचा. दारापाशी सांडूनं चपला पायात सरकवल्या, फुंकणं न थांबवता, आणि बाहेर पडला.

शेवटचा दिवा विझला तरी हॉलमध्ये कोणी हललं नाही. सूर चालू होता की नव्हता, ते त्यांना कळलं नव्हतं. उघड्या दारातून तिघंच बघत होतो: दोन्ही हात मांडीवर ठेवून देवानंद, तोंडाला पदर लावून हसणारी गोपिकाबाई, आणि बंद माईक हातात धरलेला मी. मस्तगडाच्या गल्लीत, रिक्षा आणि हातगाड्यांच्या मधून, तो लाल पटका सावकाश लांब जात होता.